मार्थाबाईंचा शनिवार

"रविवार सोडून शनिवारी उपासना करणाऱ्या त्या दुसऱ्या पंथात गेलात की काय, मार्थाबाई?" पाळकसाहेबांनी चर्चच्या दारातूनच टोमणा मारला.

शनिवारच्या रिकाम्या चर्चमध्ये सतरंजीवर त्या एकट्याच बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर मिटलेलं गीतांचं पुस्तक. जन्मात एक रविवार न चुकवलेली बाई, पण लेकाला माती दिल्यापासून रविवारी फिरकली नव्हती.

"उद्या या ना. सगळे विचारतात."

"संडे स्कूलच्या बाईंनी शिकवलं होतं, साहेब. शनिवारी प्रभू येशू कबरीत होता. रविवारी पहाटे बाया गेल्या, तर कबर रिकामी, प्रभू उठलेला. म्हणून आपला वार रविवार. खरं ना?"

"अगदी खरं!" पाळकसाहेब खुलले.

"मीपण गेले होते. माझ्या लेकाच्या, शांतवनच्या कबरीवर. पहिल्याच रविवारी, पहाटे, फुलं घेऊन." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "माती तशीच होती."

"जगाच्या शेवटच्या दिवशी तोही उठेल, बाई. वचन आहे."

"ठाऊक आहे. खोटं कशाला म्हणू? पण तोवर माझा शनिवारच चाललाय."

पाळकसाहेबांनी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकले.