वकील आणि साहेब

सांगून कुणाला पटायचं नाही, पण शिंप्याने क्रेडिट कार्डाचं लाखाचं देणं चाळीस हजारांत मिटवलं, तेही शिलाई मशीनवरचा पाय न थांबवता. गाठीला होते तेवढेच. वर काही द्यावं लागलं असतं तर मशीनच विकावं लागलं असतं.

फोनवरचा वसुलीवाला पोरगा सत्तरच्या खाली उतरेना. तेव्हा शिंपी म्हणाला, "थांब, माझ्या वकिलांना देतो," आणि घसा खाकरून स्वतःच जाड्या आवाजात कायदा पाजळू लागला.

पोरगा दोनदा शिंकला. "मग मीही आमच्या साहेबांना देतो."

साहेबांचा आवाज तर घागरीतून आल्यासारखा. वकील गरजले, साहेब गुरगुरले, मधूनच दोनदा शिंकले, आणि अखेर मोठ्या माणसांचं चाळीसवर जमलं. तडजोडीचं पत्रही लगेच फोनवर येऊन पडलं.

"काका," पोरगा आपल्या आवाजात हळूच म्हणाला, "वकिलांच्या ऑफिसात शिलाई मशीन कसं हो खडखडतंय?"

शिंप्याचा पाय तेव्हा कुठे थांबला.

"सांगतो की. आधी तुझ्या साहेबांचं नाक पूस!"