सत्तेचाळीस नंबरची ओळ

एकोणीसशे त्र्याण्णव साल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत टेबलावर एकोणीसशे एकतीस सालची मृत्यूंची वही उघडलेली होती आणि समोर धाकटी हात मांडीत घेऊन बसली होती. वयाची बासष्ट वर्षं झाली तरी घरीदारी तिला धाकटीच म्हणत.

वहीतलं अक्षर तिच्या वडिलांचं. ते याच कचेरीत कारकून होते. गावात कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांच्याच हातून वहीत उतरायचं.

तिला इथे आणलं होतं भाचीने. भाची घराण्याची वंशावळ करत होती. एका चौकटीपाशी तिचं घोडं अडलं होतं. टेबलापलीकडच्या आताच्या कारकुनालाही कळावं म्हणून तिने पुन्हा विचारलं.

"आत्या, कागदावर तुझा जन्म एकोणतीसचा. तू म्हणतेस एकतीसचा."

"एकोणतीसची ती थोरली. दोन वर्षांची होऊन तापाने गेली. तिच्यामागून चार महिन्यांनी मी. बाबांनी मला तिचंच नाव ठेवलं, तिचाच दाखला दिला. शाळेत घातलं तेव्हा माझे पाय बाकावरून जमिनीला टेकत नव्हते. अन् नोकरीतून घरी बसवलं तेही दोन वर्षं आधी!" धाकटी हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आईने नावाने हाक मारली ना, की मी जरा थांबायचे. आधी ती ओ देतेय का बघायचे."

भाची हसली नाही.

कारकुनाने पान उलटलं. "थोरली गेल्याची तुम्ही सांगितलेली तारीख ही. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस..." तो थबकला.

नंबर टाकलेला होता. पुढची ओळ कोरी. सुरुवातीला शाईचा एक ठिपका, टाक टेकवून तसाच उचलल्यासारखा. खाली अठ्ठेचाळीसपासून अक्षर पुन्हा सरळ.

"राहून गेली असेल," कारकून म्हणाला.

"बाबांकडून कधी काही राहून गेलं नाही." धाकटीने ठिपक्यावर बोट ठेवलं. "साहेब, आता तुम्ही लिहा. तिला जाऊ द्या. अन् माझा जन्म लिहा. मरायच्या आधी एकदा तरी माझी मी होऊ दे."

"अहो आजी, या नावाच्या बाई माझ्यासमोर बसल्यात. मघाशी मीच त्यांना चहा विचारला. त्यांना मेलेलं कसं लिहू?"

"साक्षीदार चालेल?" भाचीने विचारलं.

"आणा की. डोळ्यांनी पाहिलेला हवा."

"पाहिलेले सगळे तुमच्याच वह्यांत आहेत," धाकटी म्हणाली.

कारकुनाने वही मिटली.

पुढल्या वर्षी त्याची बदली झाली. भाचीने वंशावळ पुरी केली, तीत दोघींच्या दोन चौकटी काढल्या आणि प्रती नातेवाइकांना वाटल्या. निम्म्यांनी एकच नाव दोनदा छापलंय म्हणून चूक काढली. दोन हजार दोन साली धाकटी झोपेतच गेली. भाची तो एकुलता एक दाखला घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. नव्या कारकुनाने जन्मसाल पाहून वय लिहिलं, त्र्याहत्तर.

अशी एकाहत्तर वर्षांनी थोरली वारली. धाकटीचा जन्म अजून व्हायचाच आहे.