पुढचे अठरा

निवृत्तीच्या समारंभात संचालक कौतुकाने म्हणाले, "नवजात बाळांच्या संसर्गावर डॉक्टरबाईंचे एकोणीस शोधनिबंध आहेत, आणि सगळे आपल्याच वॉर्डातले!"

बाईंनी माइक ओढून घेतला. "पहिल्याच निबंधात लिहिलं होतं, जंतू वॉर्डातल्या बेसिनच्या पाइपात आहेत. ते बेसिन उखडून टाका म्हणून सव्वीस वर्षं तुमच्या ऑफिसचे उंबरठे झिजवले. अजून तिथेच आहे ते!"

"अहो बाई, आजच्या दिवशी तरी चिडू नका," संचालक हसले. "बेसिन बदललं असतं, तर पुढचे अठरा निबंध कशावर लिहिले असते?"

सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेतली वॉर्डाची सिस्टर तेवढी हसली नाही. त्या अठरा निबंधांमधली दगावलेली बाळं कापडात गुंडाळून आईबापांच्या हातात तिनेच दिली होती.