आईने घातलेल्या शेवटच्या वेण्या

शनिवारी स्वतःच्या ऑपरेशनसाठी मुंबईला निघताना आईने माझ्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या. “परत आले की मीच सोडीन. आत्याला नाय जमत, ती दोरखंड वळते,” म्हणाली. मी हसत शाळेत गेले. सोमवारपर्यंत मी त्या वेण्यांना कुणाला हात लावू दिला नाही. पनवेलच्या आमच्या शाळेत टिपणीसबाई विस्कटलेल्या केसांसाठी सगळ्यांदेखत कान पिळायच्या, म्हणून प्रार्थनेच्या रांगेत मी पुढच्या मुलीच्या पाठीमागे लपत होते. शिपायाने येऊन त्यांच्या कानात काही सांगितलं. फाटकाशी उरणचा मामा भिंतीकडे तोंड करून उभा दिसला. बाई माझ्यापाशी आल्या, पण त्यांनी कान धरला नाही. वाकून सुटलेली रिबीन हळूच बांधली. “चल बाळा, मामा न्यायला आलाय,” म्हणाल्या. मी त्यांचा पदर घट्ट धरून ओरडले, “बाई, रागवा ना मला! नेहमीसारखा कान पिळा ना!”