आधी वचन

धाकटीचे लग्न झाले त्या वर्षी, साठीत, मी वाचायला शिकलो. पाळकसाहेबांनी मला दुःखी माणसांना धीर द्यायला चर्चच्या मागच्या खोलीत बसवले. पहिला आला तो गवंडी. त्याची बायको नुकतीच वारली होती.

"काका, जगावंसंच वाटत नाही. जरा बोलायचंय."

"आधी देवाचं वचन ऐक, मग बोलू."

मी ओळीखाली बोट धरून अख्खे स्तोत्र वाचले. तो मान खाली घालून बसला होता.

"छान वाचता हो, काका. अगदी मास्तरच."

"आता तुझं सांग."

"राहू द्या. जेवणाची सुट्टी संपली."

घरी मी बायकोला कौतुकाने सांगितले, एकदाही अडखळलो नाही.

शुक्रवारी सकाळी गवंड्याने जीव दिला.