नाही आले

"नाही आले," बारमालक म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर मागच्या कोठीच्या दाराकडे गेली.

बापाला शोधायला आलेल्या मुलीनं ती नजर पकडली. दर वेळी पकडायची.

कोपऱ्यातल्या टेबलावर शिंपी आणि निवृत्त पोस्टमन बसले होते. माणसं दोन, ग्लास तीन. तिसरा अर्धा भरलेला.

"हा कुणाचा, काका?"

"माझाच," शिंपी म्हणाला. "हल्ली एकानं भागत नाही."

पोस्टमन ग्लासात बघून हसला. एरवी यानंतर ती सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि तरातरा निघून जायची. आज ती खुर्ची ओढून बसली. कपड्यांना दवाखान्याचा वास होता.

"आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघाली तर निघाली. सारखी बाबांचंच विचारतेय. बाहेर काढा त्यांना. मी भांडणार नाही."

शिंप्याचा चेहरा उतरला. "पोरी, खरंच नाहीत गं ते इथं."

"आजच्या दिवशी तरी खोटं बोलू नका, काका."

ती उठून कोठीपाशी गेली. दार नुसतंच लोटलेलं होतं, पण तिनं ते ढकललं नाही. बापाला खोक्यांमागं दडलेलं बघायचं नव्हतं तिला.

"बाबा," ती दाराला कपाळ टेकून म्हणाली, "आई म्हणते, माणूस पितो, पण बाईचा नाद नाही त्याला. एवढ्यावर तिनं सगळा संसार काढला. दारूचं तिनं कधीच माफ केलंय. घरी या ना."

टेबलावर कुणी हललं नाही.

तिनं बाहीनं डोळे पुसले. "मी पुढं होते. माझ्यासमोर यायची लाज वाटत असेल, तर मागून पाठवा त्यांना."

ती गेली. तिसऱ्या ग्लासाला शिंप्यानं हात लावला नाही.

"आता कुणीतरी जायलाच हवं," तो म्हणाला.

"पत्ता मला ठाऊक आहे," पोस्टमन उठू लागला.

"तू बस." बारमालकानं खुंटीवरचा शर्ट घ्यायला कोठीचं दार उघडलं. आत रिकामी खोकी होती, एक झाडू होता, दुसरं कुणी नव्हतं. शर्टाची बटणं लावत तो बाहेर आला.

"तो तिच्या घरी असला, की आमची ताई माझ्याशिवाय कुणाला दार उघडत नाही."