विमानतळालगतची सात घरं

ओव्हरसियरच्या माणसांनी बळीरामच्या ओट्यावरून टेप नेली, तुळशीला वळसा घातला आणि गोठ्याच्या कुडाशी खुंटी ठोकली. खुंटीला लाल फडकं बांधलं. बळीरामची आई गंगाबाई फडक्याकडे बघत म्हणाली, "शेत नेलं. आता घर पन नेतील."

शेत खरोखरच नेलं होतं. लढाई चालू होती. पनवेलहून कोनकडे जाताना लागणारी ही भातजमीन सरकारने कापणी होताच ताब्यात घेतली. बांध मोडले, रोलर फिरवला, चुन्याच्या दोन लांब रेघा मारल्या. ही धावपट्टी. टोकाच्या बांबूवर कापडी पिशवी चढली. वारा कुठून येतो ते ती सांगे. सात घरांच्या पाड्याला ते आधीपासून माहीत होतं, पण आता ते सरकारी झालं.

मग विमानं आली. बैलगाड्यांतून आली. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट, गोणपाटावर राखी रंग.

"ही उडतात कशी?" बळीरामचा भाऊ काशीराम याने विचारलं.

"ही उडत नाहीत. खरी येईपर्यंत जागा धरायला आहेत," ओव्हरसियर म्हणाला.

जत्रेत तमाशाच्या तंबूत घोंगडी टाकून जागा धरतात, हे काशीरामला ठाऊक होतं. त्याची शंका फिटली.

विमानतळाचा कारभार मात्र चोख होता. सकाळी विमानं ढकलत या टोकाहून त्या टोकाला न्यायची, संध्याकाळी परत आणायची. ढकलायला पाड्यातलीच माणसं असत. एकदा वावटळीत एक विमान उडालं आणि खाडीत पडलं. या विमानतळावरचं ते पहिलं उड्डाण. त्याची रीतसर चौकशी झाली. वाऱ्याला दोषी धरण्यात आलं.

लाल फडकं लागलं त्या संध्याकाळी बळीराम चिंबोऱ्यांची टोपली घेऊन ओव्हरसियरच्या तंबूत गेला. पलीकडचा पाडा सरकारने एका दिवसात उठवला होता, आणि ती माणसं अजून वडाखाली चुली मांडून होती. ओव्हरसियर शाकाहारी होता. त्याने टोपली साहेबासाठी ठेवून घेतली.

साहेब तिसऱ्या दिवशी आला. गोरा, घामाघूम, लष्करातला. त्याने सात घरांना फेरी मारली. चुलीच्या धुराकडे बघितलं, दोरीवरच्या लुगड्यांकडे बघितलं, गुरांकडे बघितलं. मग स्वतः वाकून लाल फडकं सोडलं आणि ओव्हरसियरला काही बोलला.

"साहेब म्हणतात, एकही घर उठणार नाही," ओव्हरसियरने जाहीर केलं. "उलट गुरं बाहेर बांधत जा. धुणं पट्टीच्या कडेला वाळत घाला. आणि रात्री दारात कंदील हवा. घासलेट सरकार देईल."

गंगाबाईने साहेबावरून बोटं मोडून दृष्ट काढली. साहेब दचकून मागे सरला.

त्या दिवसांत जपानी विमानांच्या भीतीने पनवेलीत दिवाबंदी होती. खिडक्यांना काळे कागद लागले होते, घासलेटला रांगा होत्या. दिवा दिसला म्हणून एका वाण्याने पोलिसाच्या दोन थपडा खाल्ल्या होत्या. आख्खा तालुका काळोखात बुडलेला, आणि मधोमध बळीरामचा पाडा दिवाळीसारखा लखलखत असे. जासईहून सोयरे बघायला आले, घासलेट बघून राहिले.

"आमच्या गावावर सरकारची अशी मर्जी नाय," जासईचा मेहुणा म्हणाला.

"मर्जी मिलवावी लागतं," बळीराम म्हणाला आणि कंदिलाची वात आणखी वर केली.

माघ संपत आला तशी बळीरामची बायको सत्यवती निघायच्या तयारीला लागली. दरवर्षी या दिवसांत पाडा उरणकडे मिठागरांवर कामाला जाई आणि पावसाच्या तोंडावर परते. तिने भांडी बांधली. दाराला कडी लावली. डोक्यावर गाठोडं घेऊन ती तंबूपाशी सांगायला गेली, कारण ओव्हरसियरला स्वतः सांगायची बळीरामला लाज वाटत होती.

"रावसाहेब, आमी मिठावर चाललो. घरांवर नजर ठेवा."

ओव्हरसियर ताडकन उठला. "कुणीही जायचं नाही. वस्ती रिकामी करायची नाही, असा हुकूम आहे."

"अगोदर उठवाया आला होता. आता जाऊ देत नाय?"

"घासलेट मिळतं ना? आणखी काय हवं?"

"घासलेट पिऊ काय? काम नाय केलं तर पावसात पोरांना काय घालू?"

"धान्य देऊ. पण चुली पेटल्या पाहिजेत, माणसं पट्टीवर ये-जा करताना दिसली पाहिजेत."

"कोनाला दिसली पायजेत? हितं बघाया कोन येतं?"

ओव्हरसियरची नजर क्षणभर वर गेली. सत्यवतीनेही वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. तिला त्यात काही दिसलं नाही, आणि तिचा राग आणखी चढला.

"विमानं बांबूची चालतात," ती हात नाचवत म्हणाली, "मंग मानसं पन बांबूचीच उबी करा की! लुगडी माझी नेसवा."

आजूबाजूचे गडी हसले. ओव्हरसियर हसला नाही. कामातली एक जुनी अडचण कुणी नेमकी बोलून दाखवावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"पूर्वेच्या आघाडीवर तसंच केलं होतं, बाई," तो म्हणाला. "जपानी फसला नाही. बाँब खऱ्या विमानतळावरच पडले."